आखाड्यापासून मोबाईलपर्यंत : घरच्या योगवर्गाची बडोद्याकडची गोष्ट

बडोद्यातल्या आपल्या मराठी घरांत सकाळी सहा-साडेसहाला हल्ली एक दृश्य सर्रास दिसते. दिवाणखान्यातले टीपॉय भिंतीला सरकवलेले असते, जमिनीवर चटई पसरलेली असते आणि पाण्याच्या तांब्याला टेकवून मोबाईल उभा केलेला असतो. त्यातला आवाज श्वास घ्यायला सांगतो, हात वर न्यायला सांगतो, आणि समोरची व्यक्ती ते करते. शिकवणारा कुठल्या गावचा, त्याने हे केव्हा सांगून ठेवले, याची चौकशी कोणी करत नाही. वर्ग हवा तेव्हा सुरू होतो आणि दारावर दूधवाला आला की थांबतो.

यावर आपल्या घरांत दोन मते आहेत. आखाड्याची माती पाहिलेली वडीलधारी मंडळी म्हणतात, गुरू समोर नसताना केलेल्या हालचालींना योग म्हणू नये. नोकरी, मुलांच्या शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधे सांभाळणारी पिढी म्हणते, एवढे तरी घडते आहे ते काय वाईट? दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरतात, की हा प्रकार अगदी नवा आहे. आम्हाला मात्र वाटते की गुरूपासून दूर, आपल्या घरी, कोणीतरी आधी सांगून ठेवलेल्या सूचनांवर योगाभ्यास करण्याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली काही महत्त्वाची पाने आपल्याच परिसरात लिहिली गेली आहेत. ती पाहिली तर वरच्या वादात नेमके काय पणाला लागले आहे तेही कळेल.

मठी आणि गुरू

सुरुवात जुन्या ग्रंथापासून करू. स्वात्मारामाची हठप्रदीपिका साधारण पंधराव्या शतकातली मानतात. लोणावळ्याच्या कैवल्यधामातून स्वामी दिगंबरजी आणि पं. रघुनाथशास्त्री कोकजे यांनी १९७० साली तिची संपादित आवृत्ती काढली. या ग्रंथात साधकाची जागा कशी असावी याचे वर्णन आहे. शांत मुलखात एक लहानशी मठी असावी, तिचे दार लहान असावे, भिंतींना भोके नसावीत, जमीन शेणाने सारवलेली असावी, आणि आसपास धनुष्याच्या लांबीएवढ्या जागेत दगड, अग्नी, पाणी असा अडथळा नसावा. म्हणजे अभ्यास एकट्यानेच करायचा आहे, तोही चार भिंतींच्या आत. पण लगेच पुढे ग्रंथ सांगतो की तिथे बसून जे करायचे ते गुरूने दाखवलेल्या मार्गानेच करायचे.

शिकणे गुरूपाशी आणि रोजचा अभ्यास एकांतात, अशी ही विभागणी आहे. प्राणायामाबद्दल तर ग्रंथ जास्तच सावध आहे. सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात, तसाच वायूही हळूहळू ताब्यात आणावा. घाई केली तर तो साधकालाच मारतो, असे तो सांगतो. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला आणि डोके, कान, डोळे यांची दुखणी होतात, अशी यादीही देतो. तेव्हा ‘घरी एकट्याने’ या गोष्टीला परंपरेची हरकत कधीच नव्हती. हरकत होती ती न शिकता करण्याला. पुढच्या शंभर वर्षांत प्रश्न एवढाच राहिला, की गुरूचे सांगणे त्या एकांतापर्यंत कसे पोचवायचे.

माणिकरावांचा आखाडा आणि मालसरचा आश्रम

सयाजीराव महाराजांच्या काळात बडोदे हे मल्लविद्येचे मोठे केंद्र होते. जुम्मादादांच्या तालमीत तयार झालेले माणिकराव यांनी ती तालीम पुढे चालवली आणि मोडलेली, निखळलेली हाडे बसवण्यातही नाव कमावले. महाराजांनी त्यांना ‘राजरत्न’ किताब दिला. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण व्यायामाचे धडे घेत होता. हा आपल्या डभोईचा. ३० ऑगस्ट १८८३ रोजी जन्मलेला आणि मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवलेला. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले.

शिनोर तालुक्यात नर्मदेच्या काठी मालसर गाव आहे. तिथे परमहंस माधवदासजी राहत. गुणे त्यांच्याकडे १९१९ मध्ये गेले. त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य सुरतेकडचे मणिभाई देसाई, म्हणजे योगेंद्रजी. त्यांनी १९१८ च्या नाताळात मुंबईत वर्सोव्याला ‘द योग इन्स्टिट्यूट’ सुरू केली. आधुनिक काळात योग सर्वसामान्य गृहस्थांच्या घरात नेणाऱ्या दोन मोठ्या संस्थांचे मूळ असे मालसरच्या एकाच आश्रमात सापडते. कामाच्या निमित्ताने आपण शिनोर-मालसरच्या रस्त्याने जातो, पण ही ओळख आपल्यातल्या फार थोड्यांना आहे.

गुणे यांना मालसरला जे मिळाले ते त्यांनी जसेच्या तसे पुढे दिले नाही. त्यांनी ते तपासायला घेतले. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या इस्पितळात, आपल्या काही विद्यार्थ्यांवर, उड्डियान बंध आणि नौली यांचा परिणाम त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिला. पोटात आत काय घडते हे यंत्राने टिपण्याचा हा प्रयत्न होता. १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले.

हुकूम, पुस्तक आणि पत्र

आजच्या ध्वनिमुद्रित वर्गात आपण काय ऐकतो? ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या शब्दांत दिलेल्या सूचना. ही पद्धत आखाड्यात मुळात नव्हती. तिथे उस्ताद एकेकाला पाहून, प्रसंगी एक रट्टा देऊन शिकवीत. पन्नास-शंभर मुलांना एकाच वेळी व्यायाम द्यायचा म्हटल्यावर हुकूम लागतात. शाळांतून इंग्रजी कवायतीचे हुकूम चालत. माणिकरावांनी सांघिक व्यायामासाठी देशी भाषेतले हुकूम रूढ करण्याचा आग्रह धरला. त्यांच्या शिष्याने हीच रीत योगासनांना लावली. कुवलयानंदांचे ‘यौगिक संघ व्यायाम’ हे पुस्तक १९३६ चे. कोणत्या क्रमाने, कोणत्या सूचनेवर, किती वेळ थांबायचे हे एकदा शब्दांत बसले, की ते शब्द उच्चारणारा माणूस बदलू शकतो. तिथून यंत्राने ते शब्द बोलण्यापर्यंतचे अंतर फारसे उरत नाही.

दुसरी वाट पुस्तकाची. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव तथा बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. युरोपातला प्रसिद्ध बलोपासक सँडो याची पुस्तके आणि उपकरणे त्यांनी मागवली आणि त्याच्या लेखी सूचनांप्रमाणे सुमारे दहा वर्षे नेमाने व्यायाम केला. म्हणजे साताऱ्याकडच्या एका संस्थानात बसून ते लंडनच्या शिक्षकाचा वर्गच करत होते. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि मग तेच दुसऱ्यांचे घरबसल्या शिक्षक झाले. सूर्यनमस्कारांवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १९२८ मध्ये निघाले. १९३८ मध्ये लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी ‘द टेन-पॉइंट वे टू हेल्थ’ या नावाने त्यांची पद्धत लंडनमध्ये प्रसिद्ध केली. सँडोच्या गावातल्या गृहिणी आता औंधच्या राजाचे वाचून आपल्या स्वयंपाकघराशेजारी नमस्कार घालू लागल्या.

बडोदेही मागे नव्हते. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी इथूनच ‘व्यायाम ज्ञानकोश’ संपादून दहा खंडांत प्रसिद्ध केला. मल्लखांब, लेझीम, कुस्ती, आसने, सगळे मराठीत आणि चित्रांसह. महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डनसाहेबांना आणून ग्रंथालयांची जी व्यवस्था उभी केली, तिच्यात पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरत. त्याच खात्यात दृश्य शिक्षणाचा एक विभाग होता. मॅजिक लँटर्न आणि चलच्चित्रे घेऊन त्याची माणसे खेड्यांत जात आणि शाळेत न बसलेल्या लोकांना चित्रांतून शिकवीत. शिक्षक जिथे पोचत नाही तिथे पडदा पोचवावा, हा विचार या शहराला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

तिसरी वाट पत्राची. १९२७ मध्ये रक्तदाबाने आजारी पडल्यावर गांधीजींनी कुवलयानंदांचा सल्ला घेतला आणि दोघांत पत्रव्यवहार झाला. काय केले, काय सोसले, काय सोसले नाही, हे रोग्याने कळवायचे आणि गुरूने त्यावरून पुढचे सांगायचे, असा तो अभ्यास. यात गुरू डोळ्यांसमोर नसला तरी उत्तर देत होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज लागणार आहे.

कुवलयानंदांच्या ‘आसने’ या १९३१ च्या ग्रंथात घरी करणाऱ्यांसाठी पूर्ण, छोटा आणि सोपा असे निरनिराळे क्रम दिले आहेत. पण त्याबरोबर ठळक सूचनाही आहेत. कान वाहत असेल, डोळे नाजूक असतील, हृदय कमकुवत असेल किंवा रक्तदाब मर्यादेबाहेर असेल, तर आपल्या मनाने सुरू करू नये. पुस्तकाला वाचकाची नाडी हाताला लागत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत होते. म्हणून करण्याच्या सूचनांइतकेच महत्त्व त्यांनी न करण्याच्या सूचनांना दिले.

चित्र हलू लागले

१९३८ मध्ये म्हैसूरला तिरुमलै कृष्णमाचार्य, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांचे शिष्य व मेहुणे बी. के. एस. अय्यंगार यांच्या आसनांची एक मूक फिल्म तयार झाली. आज ती कोणीही आपल्या मोबाईलवर पाहू शकतो. पण ती प्रात्यक्षिक आहे, धडा नाही. पाहणारा थक्क होतो, करू धजत नाही.

या अय्यंगारांचा महाराष्ट्राशी संबंध जुळला तो आपल्या बेळगावकर बांधवांच्या गावातून. कृष्णमाचार्यांच्या दौऱ्यात बेळगावचे सिव्हिल सर्जन डॉ. व्ही. बी. गोखले यांनी ही प्रात्यक्षिके पाहिली. निवृत्तीनंतर ते पुण्याला आले आणि १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यासाठी एक शिक्षक मागवला. विशीही न गाठलेले अय्यंगार सहा महिन्यांसाठी आले. मराठीचा गंध नाही, ओळखीचे कोणी नाही. ते कायमचे पुणेकर झाले. १९६६ साली निघालेल्या त्यांच्या ‘लाइट ऑन योग’ या ग्रंथात सुमारे ६०० छायाचित्रे आहेत आणि शेवटी ३०० आठवड्यांचा क्रम दिला आहे. पहिल्या आठवड्यापासून जवळजवळ सहा वर्षे पुस्तक उघडून घरी करता येईल असा हा वर्ग. जगभर असंख्य लोकांनी त्यावर अभ्यास केला. तरीही १९७५ मध्ये पुण्याला संस्था उभी राहिली तेव्हा त्याच लोकांनी तिथे रांग लावली. पुस्तकाने भागत असते तर ते आले नसते. पुस्तक नसते तरीही ते आले नसते.

मग दूरचित्रवाणी आली. धीरेंद्र ब्रह्मचारींचे दूरदर्शनवरचे कार्यक्रम आपल्यातल्या अनेकांना आठवत असतील. ऐंशीच्या दशकात गावोगाव प्रक्षेपक उभे राहिले तसे ते चित्र छोट्या शहरांतही दिसू लागले. पण कार्यक्रम पुढे पळे आणि आपण मागे राहू, हा त्यातला दोष होता. कॅसेटने तो दूर केला. बटण दाबून थांबवता येऊ लागले, मागे नेता येऊ लागले. व्हिडिओ कॅसेट, सीडी आणि शेवटी मोबाईल, ही त्याच वाटेवरची पुढची मुक्कामे. ११ डिसेंबर २०१४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानंतर २१ जून हा योग दिन झाला आणि ४५ मिनिटांचा एक समान क्रम देशभर फिरला. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे मैदाने बंद होती, तेव्हा त्या वर्षीच्या योग दिनाचे सूत्रच ‘घरी योग, कुटुंबासह योग’ असे होते. स्वात्मारामाची मठी म्हणजे आपला दिवाणखाना, हे त्या वर्षी सगळ्या देशाने अनुभवले.

पूजेच्या कॅसेटचा अनुभव

ध्वनिमुद्रणाने काय साधते आणि काय निसटते, हे परमुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्या घरांना वेगळे सांगायला नको. चतुर्थीच्या सकाळी गुरुजी एक आणि घरे चाळीस, अशी अवस्था आली तेव्हा आपणच पार्थिव गणेशपूजेच्या कॅसेट आणल्या. ‘उजव्या हातावर पाणी घ्या’ म्हटले की घेतले, ‘अक्षता वाहा’ म्हटले की वाहिल्या. त्या कॅसेटमुळे कित्येक घरांत पूजा टिकली, हे खरेच आहे. पण घरात कोणाला क्रम माहीत असेल तरच ती नीट चाले. नाहीतर आवाज नैवेद्यापर्यंत पोचे आणि इकडे गणपती अजून पंचामृतात असे. ज्या घरांनी दोन-चार वर्षे गुरुजींबरोबर बसून मग कॅसेट वापरली, त्यांची मुले आज कॅसेटशिवाय पूजा करतात. ज्यांनी पहिल्यापासून तिच्यावरच सोपवले, त्यांना दरवर्षी ती लागतेच.

योगाचेही तसेच आहे, फक्त इथे चुकीची किंमत शरीर मोजते. आमच्या मते सगळ्या योगक्रियांना एकच माप लावू नये. शवासन किंवा योगनिद्रा यांत डोळे मिटून केवळ ऐकायचे असते. तिथे मुद्रित आवाज उत्तम काम करतो. सूर्यनमस्कार एकदा कोणाकडून नीट शिकून घेतले, की मोजणी आणि लय यंत्राने द्यावी, काही बिघडत नाही. उभ्या-बसल्या आसनांत मात्र आपण वाकलो असे आपल्याला वाटते आणि वाकलेला असतो गुडघा किंवा मान. ते पाहायला दुसरा डोळा लागतो. शीर्षासन, सर्वांगासन आणि श्वास रोखून धरायचे कुंभक हे तर पडद्यावरून नव्याने शिकूच नयेत. शीर्षासनात डोळ्यांतला दाब वाढतो. काचबिंदू असणाऱ्याला ते घातक ठरू शकते. हाडे ठिसूळ झालेल्या वयात जोराने पुढे वाकणे मणक्याला सोसत नाही. वाढलेल्या रक्तदाबात श्वास कोंडणे बरे नाही. कुवलयानंदांनी १९३१ मध्ये लिहिलेली ‘कोणी करू नये’ ही यादी आजच्या कित्येक मुद्रित वर्गांत ऐकू येत नाही, कारण त्यांचा श्रोता कोण आहे, किती वयाचा आहे, हे त्यांनी धरलेलेच नसते. आणि आपल्या घरांत चटईवर उभी राहणारी व्यक्ती बहुधा साठीच्या पुढची असते. मुले बंगळुरूला नाहीतर परदेशात, घरात दोघेच किंवा एकटेच. तोल गेला तर हाक ऐकायला मोबाईलमधला आवाज कामाचा नाही.

आपल्या हाती काय आहे

इतिहासाने एक गोष्ट दाखवली आहे. हुकूम, पुस्तक, पत्र, फिल्म, कॅसेट, यांपैकी प्रत्येक साधन आले तेव्हा योग नव्या घरांत गेला, आणि दर वेळी कोणीतरी माणूस त्या साधनाच्या मागे उभा होता. गांधीजींच्या पत्राला लोणावळ्याहून उत्तर येत होते. अय्यंगारांच्या पुस्तकामागे पुण्याचा वर्ग होता. मोबाईलमधल्या वर्गाच्या मागे उत्तर देणारे कोणी नाही, एवढाच त्यातला खरा नवेपणा आहे. ही जागा आपल्याला भरता येण्यासारखी आहे.

आपल्या मंडळाचे सभागृह गणेशोत्सवाचे दिवस सोडले तर सकाळी रिकामेच असते. महिन्यातून एक रविवार जाणत्या शिक्षकाला बोलावून, घरी करणाऱ्या सर्वांनी आपण काय करतो ते त्याला दाखवावे. तो पाहील, एखादे आसन बंद करायला सांगेल, एखाद्याच्या पाठीखाली उशी ठेवायला सांगेल. उरलेले २९ दिवस मोबाईल आहेच. सकाळी एकट्याने करणाऱ्यांनी शेजारच्या कोणाला तरी ‘झाले’ एवढे कळवण्याचा नेम ठेवावा. आणि त्या शिक्षकाच्या देखरेखीखाली आपल्या वडीलधाऱ्यांसाठी एक सोपा क्रम मराठीत मुद्रित करून ठेवावा, पहिल्या मिनिटातच ‘हे कोणी करू नये’ सांगणारा. माणिकरावांनी देशी हुकूमांचा आग्रह ज्या गावात धरला, तिथल्या आजीला ‘गुडघा सैल सोडा, मान ताठ ठेवा’ हे आपल्या भाषेत ऐकू यायला हवे. गुजराती आपण बाजारात बोलतो, हिंदी-इंग्रजी कामावर. पण गुडघा कुठे दुखतो हे आपण अजूनही मराठीतच सांगतो.

या दहा दिवसांत आपण रोज अथर्वशीर्ष म्हणू. मूलाधारात नित्य वसणाऱ्या आणि योग्यांनी ज्याचे ध्यान करावे अशा गणपतीचे ते स्तवन आहे. ते आपल्यापैकी बहुतेकांना पुस्तकावरून पाठ झाले, काहींना कॅसेटवरून. उच्चार मात्र मांडवात दहाजणांबरोबर बसूनच सुधारले. घरच्या योगाभ्यासालाही तेवढीच संगत मिळाली, तर डभोई-मालसरकडून सुरू झालेली ही गोष्ट आपल्या घरांत नीट पुढे चालेल.